तरव्याच्या रंगाची लोकर

डॉक्टरीणबाई जाता जाता दारात थांबल्या आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "पायाकडून खाट उंच करा. विटा लावा. आणि हिला उठू देऊ नका, पाणी प्यायलासुद्धा नाही." नवरा लगेच खाली उतरला आणि शेजारी चाललेल्या बांधकामावरून विटा मागून घेऊन आला. डोकं खाली, पाय वर अशी मी त्या दिवशी जी आडवी झाले, ती मूल होईपर्यंत.

सदुसष्ट-अडुसष्टचा सुमार असेल. अंधेरीत वर्सोव्याच्या रस्त्याला एका दुमजली चाळीत आमची एक खोली आणि मागे मोरीसकट स्वयंपाकघर. मी चोवीस वर्षांची होते. सांताक्रूझच्या एका कंपनीत टेलिफोनच्या बोर्डावर बसायचे. दिवसभर कानाला हेडफोन, समोर दिव्यांच्या रांगा, हातात वायरी. मला ते काम फार आवडायचं. कोणाला कोणाशी जोडायचं हे माझ्या हातात असायचं, आणि बोर्डावर मी असले की साहेबलोकसुद्धा "प्लीज" म्हणायचे.

हे माझं तिसरं गरोदरपण. आधीची दोन राहिली नव्हती. पहिल्या वेळी काही कळायच्या आतच सगळं संपलं. दुसऱ्या वेळी मात्र पोट दिसायला लागलं होतं आणि मी हौसेने लिंबाच्या रंगाची मऊ लोकर आणून टोपडं, मोजे, बारकंसं स्वेटर असा सगळा बाळंतविडा विणून ठेवला होता. मोज्यांना सॅटिनच्या फिती ओवल्या आणि त्यानंतर काहीच दिवसांत ते मूल गेलं. बाळंतविडा मी मोलकरणीला देऊन टाकला.

त्यामुळे या वेळी सासूबाई गावाहून आल्या, त्या आल्या आल्या त्यांनी कपाटातल्या माझ्या विणकामाच्या सुया, क्रोशाचे आकडे, उरलीसुरली लोकर, सगळं एका फडक्यात गुंडाळलं आणि पलंगाखालच्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली.

"मूल हातात येयपर्यंत ह्या माका दिसूक नको," त्या म्हणाल्या. "आदी बाळाचा काय्येक करूचा नाय."

मी म्हटलं, "आई, लोकरीने का मूल जातं?"

"जाता काय नाय ता माका ठावक नाय. पण नको."

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. माहेरी कांदिवलीला वडील आणि दोन भाऊ, म्हणजे तिकडे जाऊन पडण्यात अर्थ नव्हता. म्हणून मालवणाकडून सासूबाई बोटीने आल्या होत्या. उंच, काटक, नऊवारी नेसणाऱ्या. सकाळी मशेरी लावल्याशिवाय कोणाशी बोलायच्या नाहीत. गावी त्यांचं खळं होतं, म्हैस होती, मागच्या दारी माड होते. इथे त्यांना त्या खोलीच्या बाहेर पडता येत नव्हतं, कारण मला एकटीला सोडायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. शिवाय त्यांना अंधेरीत कुठे जायचं तेही कळत नसे. एकदा पलीकडच्या गल्लीत नारळ आणायला गेल्या आणि चुकल्या. कोणीतरी हाताला धरून आणून सोडलं. त्यानंतर मूल होईपर्यंत त्या चाळीचा जिना उतरल्या नाहीत. दारावर कोळीण यायची, तिच्याशी बांगड्यांवरून मनसोक्त भांडायच्या. दिवसातलं त्यांचं तेवढंच बाहेरचं बोलणं.

माझं तर सगळंच पडल्या पडल्या. खाणं चमच्याने, केस विंचरणं त्यांच्या हाताने, अंग पुसणंसुद्धा. भांडंसुद्धा त्याच द्यायच्या आणि त्याच नेऊन ओतायच्या. पहिले काही दिवस मला लाजेने रडू यायचं. नंतर रडूही येईना. मी वर बघत पडून असायची. छताला एक लांब तडा होता आणि पंख्याच्या पात्यांवर धूळ. सांताक्रूझला उतरणारी विमानं अगदी डोक्यावरून जायची आणि कपाटातल्या काचेच्या बरण्या थरथरायच्या. मला वाटायचं, या वेळी बोर्डावर कोण बसलं असेल? माझ्या खुर्चीवर माझी उशी आहे, ती तिने बाजूला काढली असेल का? कॉल जोडायची माझ्या बोटांना इतकी सवय होती की नुसती पडलेली असतानाही ती पांघरुणाच्या काठाशी चाळा करत राहायची. पांघरुणाची शिवण मी उसवून टाकली. मग उशीच्या अभ्र्याची.

डॉक्टरीणबाई तपासायला आल्या तेव्हा त्यांनी ते अभ्र्याचे धागे पाहिले. सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, हिच्या हातांना काहीतरी काम द्या. नाहीतर पोर धड राहील आणि हिचं डोकं जाईल."

सासूबाईंनी पुष्कळ विचार केला. दुसऱ्या दिवशी मला जेवण भरवताना म्हणाल्या, "कर तुका काय करूचा ता. पण बाळाचा नको, आनि सुयो नको. पोटार ठेवून सुयो चालवशीत तर माझो जीव थाऱ्यार रवाचो नाय."

म्हणजे दोन सुयांचं विणकाम बाद. राहिला क्रोशा. एका परीने ते बरंच झालं. पडून विणायचं म्हणजे लांब सुया छातीला आणि हनुवटीला लागतात, आणि एक टाका सुईवरून निसटला की उठून बसल्याशिवाय तो धरता येत नाही. क्रोशाच्या आकड्यावर एकाच वेळी एकच टाका जिवंत असतो. तेवढा सांभाळला की झालं.

पण विणायचं काय? नवऱ्यासाठी स्वेटर म्हटलं तर तो हसायला लागला. "मुंबईत स्वेटर घालून मी कुठे जाऊ? कारखान्यात भट्टीसमोर?" मग त्यानेच सुचवलं, "टेबलक्लॉथ कर ना. बायका करतात तसा." दुसऱ्या दिवशी तो कामावरून येताना पांढऱ्या दोऱ्याचे गुंडे आणि बारीक नंबरचा आकडा घेऊन आला. आमच्याकडे टेबल नव्हतं. जेवायला आम्ही खाली बसायचो. तरी मी टेबलक्लॉथ सुरू केला, कारण दोरा आला होता.

तो ऑक्टोबर होता. पंखा फिरला तरी गरम हवाच अंगावर यायची. पांढरा दोरा घामाने बोटांना चिकटायचा आणि करडा पडायचा. हात वर धरून इतकं बारीक काम करायचं तर खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या, रांगा नीट मोजताच येत नव्हत्या, दंड भरून यायचे. गुंडा खाटेवरून घरंगळून पलंगाखाली जायचा आणि सासूबाईंना हातातली भाकरी टाकून वाकून तो काढून द्यावा लागायचा. तीनचारदा काढून दिला, मग म्हणाल्या, "ह्या टेबलाचा काय नडलासा गो, जा घरात नायच?" मला हसू आलं. सासूबाई आल्यापासून मी पहिल्यांदाच हसले. त्यानंतर मी टेबलक्लॉथ पुन्हा हातात घेतला नाही.

नवऱ्याला मी सांगितलं, "दोरा नको. लोकर आणा. जाडसर, चार प्लायची. रंग बदामी." तो तपकिरी घेऊन आला. म्हणाला, "हाच बदामी ना?" मी म्हटलं, हा बदामाच्या सालाचा रंग आहे, मला आतल्या बदामाचा हवा. त्याला ते पटेना. दोघंही चिडलो. दिवसभर भट्टीवर उभं राहून आलेल्या माणसाशी मी एका रंगावरून भांडत होते, हे मला कळत होतं. पण मला काहीच स्वतः निवडता येत नव्हतं. काय खायचं, कुठल्या कुशीवर वळायचं, खिडकी उघडी ठेवायची की बंद, सगळं दुसरेच ठरवायचे. निदान रंग तरी माझ्या मनासारखा यावा, इतकंच माझं म्हणणं होतं, आणि तेवढंही मला त्याला नीट सांगता आलं नाही.

तो जेवला आणि झोपला. पण दुसऱ्या दिवशी स्टेशनाजवळच्या बटणं-लेसांच्या दुकानातून शेड कार्ड घेऊन आला. लोकरीच्या गिरणीकडून दुकानदारांना असं कार्ड मिळायचं. जाड पुठ्ठ्याची घडी, आत लोकरीच्या तुकड्यांच्या रांगाच रांगा, प्रत्येकाखाली नंबर. गेल्या वर्षीचं होतं म्हणून दुकानदाराने देऊन टाकलं होतं. "आता तू नंबर सांग," तो म्हणाला, "मी तोच आणतो. भांडण नको."

ते कार्ड माझ्याकडे आलं आणि माझे दिवस बदलले असं म्हणणार नाही, पण ते उघडून बसायच्या दुपारची मी वाट बघू लागले. मी ते छातीवर उघडून ठेवायची आणि एकेका तुकड्यावरून बोट फिरवायची. मऊ कोणता, खरखरीत कोणता ते डोळे मिटून ओळखायची. निळ्याच्याच किती तऱ्हा होत्या. कार्डावर नुसते नंबर, म्हणून मी मनातल्या मनात नावं ठेवायला लागले. बसचा लाल. ऑफिसातल्या पडद्यांचा हिरवट. पावसाळ्यात वर्सोव्याच्या समुद्राला येतो तो राखी.

सासूबाई आधी लांबूनच बघायच्या. एका दुपारी भांडी आवरून त्या खाटेशी येऊन बसल्या आणि कार्ड आपल्याकडे ओढलं. वाचता येत नव्हतं, पण नंबरांची त्यांना गरजच नव्हती.

"ह्यो कोकमाचो," त्या म्हणाल्या. "ह्यो शेनाचो. आनि ह्यो बघ, बांगड्याच्या पाठीचो."

खरंच तो बांगड्याच्या पाठीचा होता. हिरवा म्हणावा तर निळा, निळा म्हणावा तर काळा. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत ते कार्ड घेऊन बसलो. एका तुकड्यावर त्यांचं बोट थांबलं ते थांबलंच. कोवळा, पिवळसर हिरवा.

"ह्यो तरव्याचो," त्या म्हणाल्या. तरवा म्हणजे भाताची लावणीपूर्वीची रोपं. "आता आमच्याकडे सगळा पिकला आसतला. कापणीक लोक मिळाले काय नाय कोणाक ठावक."

गाव सोडून आल्यापासून त्या गावाबद्दल पहिल्यांदाच बोलल्या होत्या. मी म्हटलं, "आई, याच रंगाची शाल करू? तुमच्यासाठी."

"माका?" त्या दचकल्याच. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या मळकट जांभळं किंवा तपकिरी नेसायच्या. "माका कित्याक? आनि ह्यो रंग? लोक काय म्हनतले?"

"इथे कोण बघतंय? खोलीत घ्या पांघरून."

त्यांनी नको म्हटलं नाही. मग, मी काही विचारलेलं नसताना, म्हणाल्या, "मीया पन गोधडी शिवलेलंय. पयल्या टायमाक. माझ्या आवशीच्या लुगड्याची. सातवो म्हयनो होतो. ती गोधडी माजघरात घडी करून ठेवलेलंय. मूल इला, पन रडला नाय." त्यांनी कार्ड मिटलं. "मगे माझ्या सासूबायन ती गोधडी म्हशीर घातली."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, पण थोडाच वेळ. मग चहाचं आधण ठेवायला उठून गेल्या. त्या दिवसानंतर मी ट्रंकेबद्दल पुन्हा बोलले नाही.

रंग ठरला, पण तो मिळेना. गेल्या वर्षीचं कार्ड, आणि या वर्षी गिरणीने तो रंग काढलाच नव्हता. नवरा गडद बाटलीसारखा हिरवा घेऊन आला. सासूबाई म्हणाल्या, "होच चलात." मी म्हटलं, नाही चालणार, परत द्या. नवऱ्याने कपाळाला हात लावला. मी कार्डावरचा तो तुकडा कात्रीने कापला, त्याच्या शर्टाच्या खिशात घातला आणि म्हटलं, "याच्याशी लावून बघा. जुळला तरच आणा." तो माणूस सुट्टीच्या दिवशी पार्ल्याला गेला, सांताक्रूझला गेला. शेवटी कारखान्यातल्या कोणीतरी सांगितलं म्हणून घाटकोपरला एका दुकानात गेला आणि तिथल्या माळ्यावरून जुन्या मालातल्या लडी काढून घेऊन आला. पुडी उघडून त्याने खिशातला तुकडा लडीवर ठेवला. तो कुठे ठेवलाय ते दिसेना. मला त्या क्षणी माझा नवरा फार आवडला.

लडीचे गुंडे करायचे तर एकीने दोन्ही हातांत लड ताणून धरायची आणि दुसरीने गुंडाळायचं. मला बसता येत नव्हतं, म्हणून मी पडूनच दोन्ही हात छताकडे उंच धरले आणि सासूबाई खाटेशी उभ्या राहून गुंडा करत गेल्या. हात भरून आले की खाली आणायचे, पुन्हा वर करायचे. दारावरून जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या. मग मी सुरुवात केली. नवऱ्याने लोकरीबरोबर आणलेल्या जाड आकड्याने लांब साखळी, तिच्यावर खांब, मध्ये एक घर रिकामं सोडून जाळी. साधाच नमुना. मान न उचलता, नुसत्या बोटांनी चाचपून करता येईल असा. शाल वाढत गेली तशी ती माझ्या पोटावरून गुडघ्यांपर्यंत पसरली. सासूबाई अधूनमधून येऊन काठ चिमटीत धरायच्या आणि परत स्वयंपाकघरात जायच्या.

शाल संपत आली होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी नवरा आला, हातपाय धुतले, चहा घेतला आणि खाटेच्या कडेला बसला. खिशातून टाइप केलेला एक कागद काढला. म्हणाला, "कंपनीतून माणूस आला होता कारखान्यात. विचारत होते, कधी येणार. आता तू काय सांगणार? मूल झालं की त्याला बघणार कोण? आई काही कायमची इथे राहणार नाही. मी लिहून आणलंय. फक्त सही कर."

तो राजीनामा होता. माझ्या नावाने, नम्र वगैरे शब्दांत लिहिलेला.

मी म्हटलं, "मला विचारायचं तरी."

"आता विचारतोयच ना."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "आई, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी नजर चुकवली नाही. "मीयाच सांगलंय तेका," त्या म्हणाल्या. "खोटा कशाक बोलू? परत कामार गेलंस, दगदग झाली, आनि परत काय झाला तर?"

मी काय करणार होते? उठून बाहेर जाणार होते? दाराला कडी लावलेली नव्हती, पण माझ्यासाठी ते बंदच होतं. नवऱ्याने पेन दिलं. आडवं पडून, कागद वर धरून लिहायचं तर शाई उतरेना. मी डाव्या कुशीवर वळले. त्याने कागदाखाली घ्यायला हाताशी आलं ते शेड कार्ड दिलं आणि मी सही केली. सही वाकडी आली. तो म्हणाला, "चालेल."

तो कागद घेऊन गॅलरीत गेला. मी शालीतून आकडा काढला, शेवटचा टाका मोकळा केला आणि धागा ओढला. क्रोशाचं काम असं की एक धागा ओढला की सगळं सळसळत उसवत जातं, कुठे अडत नाही. मी ओढत राहिले. कितीतरी दिवसांचं काम ओढायला फारसा वेळ लागला नाही. खाटेवर, माझ्या अंगावर, खाली फरशीवर हिरव्या लोकरीचा नुसता पसारा झाला. मला वाटत होतं सासूबाई ओरडतील. मला तेच हवं होतं. त्यांनी ओरडावं आणि मीही ओरडावं.

त्या आल्या, फरशीवर बसल्या आणि लोकरीचं टोक शोधून गुंडाळायला लागल्या. उसवलेली लोकर कुरळी झाली होती, तिच्या गाठी होत होत्या. त्या गाठी एकेक करून सोडवत होत्या. नवरा आत आला, त्याने बघितलं आणि परत बाहेर गेला. त्या रात्री त्यांनी त्याला जेवण वाढलं, मला भरवलं आणि पुन्हा गाठी सोडवायला बसल्या.

सकाळी माझ्या उशीशी गुंडे ठेवलेले होते. सासूबाई मशेरी लावून आल्या, तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "परत घाल."

मी म्हटलं, "मला नाही करायची."

"नको करू. पन हातात घी. नायतर परत चादर फाडशीत." मग म्हणाल्या, "माझा चुकला काय नाय ता माका अजून कळना नाय. तुझा मूल जगाक होया, येवढाच माका कळता."

दोन दिवस मी गुंड्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी साखळी घातली. दुसऱ्यांदा केलेली शाल पहिल्यासारखी झाली नाही. कुरळ्या लोकरीमुळे घरं लहानमोठी आली आणि लांबीही जरा कमी पडली. तरी ती पुरी झाली. सासूबाईंनी ती खांद्यावरून घेतली, कपाटाच्या आरशात एकदाच पाहिलं आणि घडी घालून ठेवली.

मूल वेळेआधी आलं. चाळीतल्या दोघातिघांनी मला खुर्चीत बसवून जिना उतरवला. किती महिन्यांनी मी रस्ता बघत होते. समोरच्या हॉटेलाला नवा रंग दिला होता, कोपऱ्यावरचं एक झाड तोडलेलं होतं. कळा येत होत्या तरी मी मान वळवून वळवून सगळं बघत होते. संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलात मुलगी झाली. मूठभर, सुरकुतलेली, पण झाल्याबरोबर रडली. सासूबाईंनी तो रडण्याचा आवाज बाहेर बाकावर बसून ऐकला आणि, नर्सने मला नंतर सांगितलं तसं, त्या उभ्या राहून जमिनीला हात लावून पाया पडल्या.

घरी आल्यावर त्यांनी ट्रंकेचं कुलूप काढलं. शेजारणीला सोबत घेऊन, धीर करून बाजारात गेल्या आणि गुलाबी लोकर आणली. माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "आता कर तुका होया ता." मी ती लोकर हातात घेतली आणि मला ती धरवेना. बोटं नको म्हणाली. दुसरं काहीच करू न दिल्यामुळे मी जे केलं होतं, तेच आता आनंदाने कसं करायचं? मी लोकर परत केली. मुलीची टोपडी शेवटी शेजारणीने विणली. सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, खूप शिवली, हातात मूल धरून शिवली.

उन्हाळ्यात त्या गावी परतल्या. भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढताना नवरा सामान चढवत होता, तेवढ्यात त्या माझ्याजवळ आल्या. मुलीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "ही मोठी होवंदे. तुका नोकरी गावली तर माका कळव. मीया येयन हिका बघूक."

मी तेव्हा त्यांचं बोलणं खरं धरलं नव्हतं. बोटीवर चढताना माणसं असं बोलतात. पुढची वर्षं मी त्याच खोलीत होते. आता उठता येत होतं, चालता येत होतं, पण फार लांब नाही. मुलगी कुशीत, नळाच्या वेळा, नवऱ्याच्या पाळ्या. कधीकधी कोणाच्या घरी फोन वाजलेला ऐकू आला की हातातलं काम थांबायचं. मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा अंधेरीच्याच पूर्वेला एका कारखान्यात बोर्डावर बाई हवी असल्याचं कळलं. मी नवऱ्याला विचारलं नाही, सांगितलं. आणि गावी कळवलं. भातकापणी आटोपली तशी सासूबाई आल्या. तीच खोली, तोच जिना, खाली न उतरणं, दारावरच्या कोळणीशी भांडण. गावी त्यांनी ती शाल कधी पांघरली का, मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बायकांच्या खोलीत गेले. हिशेबखात्यातली एक बाई डबा संपवून पिशवीतून विणकाम काढून बसली होती. केशरी लोकर, दोन सुया, पाठीचा भाग अर्धा झालेला. मला म्हणाली, "बघ ना गं, हा रंग बरा वाटतोय का? माझ्या भाच्यासाठी आहे, दिल्लीला असतो. तू विणतेस का?"

मी म्हटलं, "नाही. मला येत नाही."

"अगं, सोपं आहे एकदम. ये, बस इथे." तिने पिशवीतून दुसऱ्या सुया काढल्या, माझ्या डाव्या हातात एक सुई दिली आणि माझ्या बोटांना धरून पहिला टाका कसा घालायचा ते दाखवायला लागली. मी मुद्दाम तो ढिला घातला. तिने काढला, पुन्हा दाखवला. तिच्या हातांना खोबरेल तेलाचा वास होता. कोणीतरी आपल्याला सावकाश काही शिकवतंय, आणि ते आलं नाही तरी कोणाचं काही बिघडणार नाही, हे मला इतकं सुखाचं वाटलं की मी तो आठवडाभर रोज तिच्याशेजारी जाऊन बसले आणि सुलट-उलट टाके शिकले. मग सुट्टी संपल्याची घंटा व्हायची, ती लोकर पिशवीत टाकायची, आणि मी धावत माझ्या बोर्डाकडे जायची.